सोबतची व्यक्ती

नागपूर,
बुधवार, सकाळ

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज मी तीनदा ऐकला. त्यात एक चूक आहे. फोटोत माझ्या अंगावर आठ पर्स लटकलेल्या आहेत असं तू म्हणालास. त्या अकरा होत्या. तीन पाठीमागे होत्या, म्हणून तुला दिसल्या नाहीत. बायकोच्या मागे मागे जाऊन परक्या बायांच्या पर्स सांभाळणारा आपल्या खानदानात मी पहिलाच निपजलो, हेही तू म्हणालास आणि सगळ्यांनी ऐकावं म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलंस. आपल्या मोहितनं खाली हसणारी चित्रं टाकली. माझाच पोरगा, त्याला काय बोलू. मी तिथं उत्तर दिलं नाही. इथं देतो, सावकाश, कारण मला लाज वाटत नाही आणि ते तुला नीट कळावं असं वाटतं.

प्रेमिलाचा पेपर त्या परिषदेत निवडला गेला हे तुला मी दसऱ्यालाच सांगितलं होतं. देशभरातले सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर, नर्स, प्राध्यापक दरवर्षी दिवाळी आटोपली की कुठंतरी जमतात, यंदा दीवला होते. बत्तीस वर्षांच्या संसारात प्रेमिलानं मला कुठं चला म्हटलं नव्हतं. लग्नाकार्याला गेलो ते मी म्हटलं म्हणून. या वेळी फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, येता का. फॉर्ममध्ये 'सोबतची व्यक्ती' असा रकाना होता. मी हो म्हटलं. कंपनीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, बुटीबोरीची बस आता माझ्यासाठी थांबत नाही, घरी बसून मी करणार तरी काय होतो. तिथं पोचल्यावर टेबलावरच्या मुलीनं गळ्यात घालायचं कार्ड दिलं. त्यावर छापलं होतं, 'श्रीमती धम्मानंद गोंडाणे'. डॉक्टर-साहेब म्हणजे पुरुष आणि सोबतची व्यक्ती म्हणजे त्याची मिसेस, असं त्यांच्या कॉम्प्युटरनं धरलं असावं. ती पोरगी बिचारी कानकोंडी झाली, दुसरं छापून देते म्हणाली. मी म्हटलं राहू दे, आणि तीन दिवस तेच घालून फिरलो.

गाव मात्र फार सुरेख आहे, दादा. अहमदाबादपर्यंत रेल्वे, तिथून दिवसभर बस, आणि शेवटी एक पूल ओलांडला की दीव. आपल्या उमरेडपेक्षाही लहान. पोर्तुगीजांनी चारशेच्या वर वर्षं तिथं राज्य केलं, त्यामुळे गल्ल्या बोळकांड्यांसारख्या अरुंद आणि घरं मात्र पिवळी, निळी, गुलाबी, लाकडी सज्जांची. दुपारी बारा ते चार सगळं गाव दारं लावून झोपतं. ताडासारखी झाडं आहेत, पण त्यांच्या खोडाला फांद्या फुटतात. तिथले लोक त्याला होका म्हणतात. घराघरातली माणसं परदेशी गेलेली, कुणाच्या दाराला पाच-पाच वर्षांचं कुलूप. कुलपं सगळी गंजलेली. मी फिटर माणूस, माझं लक्ष तिकडेच जातं. खाऱ्या हवेत लोखंडाचा पापुद्रा सुटतो, बोटानं सोलता येतो. रस्त्याला दारूची दुकानं खूप, कारण गुजरातेत बंदी. तू विचारण्याआधीच सांगतो, मी प्यालो नाही.

समुद्र काही मला नवा नव्हता. सहा डिसेंबरला दादरला तू आणि मी कितीदा गेलो. पण तिथं रांगेत पाय सरकवण्यातच दिवस जातो, समुद्र आहे हे आवाजावरून कळतं. इथं मी पहिल्यांदा समुद्राकडे तोंड करून बसलो.

सोबतच्या व्यक्तींसाठी त्यांनी वेगळी सहल ठेवली होती. बसमध्ये अकरा बाया आणि मी. सगळ्या डॉक्टर-प्राध्यापकांच्या बायका. गाइड 'लेडीज' म्हणून बोलायला लागला आणि माझ्याकडे पाहून अडखळला. पहिला तासभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, माझ्यामुळे आपसातही बोलल्या नाहीत. मलाही वाटलं, कुठं येऊन पडलो. मग किल्ल्यात तोफा पाहताना एकीनं विचारलं की हा गाडा फिरवत कसे असतील. मी सांगितलं, चाक कुठं बसतं, कणा कुठं, मागचा धक्का कशानं थोपवतात. गाइडला ते माहीत नव्हतं. त्यानंतर माझ्याभोवती जी गर्दी जमली ती संध्याकाळपर्यंत हटली नाही. समुद्रकिनाऱ्यावर त्यांना पाण्यात जायचं होतं, सामान कुठं ठेवणार, म्हणून मी म्हटलं द्या इकडे. साठी-सत्तरीच्या बाया, गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून, एकमेकींचा हात धरून लाटेत उभ्या राहिल्या आणि पोरींसारख्या ओरडल्या. कामिनी नावाच्या एका बाईनं फोटो काढून प्रेमिलाला पाठवला, तिनं आनंदानं घरच्या ग्रुपवर टाकला. फोटोची गोष्ट एवढीच. मला तो फोटो आवडतो.

त्या बायांत यमुताई म्हणून एक होत्या, अकोल्याच्या, अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे यजमान मोठे सर्जन. किल्ल्याच्या तटावर त्या माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की चाळीस वर्षांत चाळीस गावं पाहिली, प्रत्येक गावातला किल्ला, देऊळ, साडीचं दुकान मला तोंडपाठ आहे. पण हे आत काय बोलतात ते एकदाही ऐकलं नाही. यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. मग यमुताईंनी मला विचारलं, उद्या तुमच्या मिसेस काय वाचणार आहेत? दादा, मला सांगता आलं नाही. वीटभट्टीवरच्या बायांबद्दल काहीतरी, एवढंच म्हणालो. ज्या कामावर ती दवाखान्यातली नर्सची नोकरी सांभाळून बारा वर्षं रात्री रजिस्टर घेऊन बसायची, त्याबद्दल मला एवढंच माहीत होतं. त्यांनी मान हलवली आणि दुसरं काही बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी शिंपल्यांच्या वस्तू करायला शिकवायचा वर्ग होता. मी तिथं न जाता हॉलच्या दाराशी गेलो. तिथल्या पोरानं कार्ड पाहून अडवलं. सोबतच्या व्यक्तींना आत परवानगी नाही, खुर्च्या मोजक्या आहेत म्हणाला. मी म्हटलं उभा राहतो. तो म्हणाला तसंही चालत नाही. मी त्याला सांगितलं, "बाबू, आत जी बाई बोलणार आहे तिच्यासंगं मी बत्तीस वर्षं राहून राहिलो. आज आयकल्याबिगर जात नाही." आणि दार ढकलून आत गेलो. मागे चपलांचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर यमुताई येत होत्या, त्यांच्या मागे कामिनी, आणि मग सगळ्याच. शिंपले तसेच टाकून आल्या होत्या. शेवटच्या रांगेच्या मागे आम्ही बारा जण भिंतीला टेकून उभे राहिलो. यमुताईंच्या यजमानांनी पुढून वळून पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आता प्रेमिलानं काय वाचलं ते तुला सांगतो, कारण तूही कधी विचारलं नाहीस. उमरेडच्या आसपास वीटभट्ट्यांवर गरोदर बाया एप्रिल-मेच्या उन्हात काम करतात. त्यांची बाळंतपणं दिवस भरायच्या आधी होतात, बाळं दीड-पावणेदोन किलोची. सगळे म्हणतात, अडाणी बाया, पाणी प्या म्हटलं तरी पीत नाहीत. प्रेमिलानं प्रत्येकीला विचारलं, पाणी काहून पीत नाही वं. उत्तर एकच होतं, जायला जागा नाही. सपाट माळ, सगळीकडे माणसं. सकाळी अंधारात जायचं ते एकदम रात्री. मग तिनं एका भट्टीच्या मालकाच्या मागे लागून दोन टिनाचे संडास करून घेतले, आणि त्या भट्टीवरच्या बाया आणि शेजारच्या भट्टीवरच्या बाया, दोन्हींची तीन उन्हाळे नोंद ठेवली. जिथं संडास झाले तिथं बाया पाणी प्यायला लागल्या, आणि बाळं दिवस भरून व्हायला लागली. त्या टिनाची दारं मी बसवून दिली होती, दादा. रविवारी स्कूटरवर हत्यारं घेऊन गेलो होतो. कडी आतून पाहिजे, घट्ट पाहिजे, असं तिनं दहादा बजावलं तेव्हा मी चिडलो होतो. हॉलमध्ये पडद्यावर त्या कडीचा फोटो आला. तेव्हा कळलं ती कशासाठी भांडत होती.

ती हिंदीत बोलली, हातात कागद होता पण त्यात पाहिलं नाही. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर प्रीती मॅडमनी तिला पडदा-बिडदा करून दिला होता, बाकी सगळं तिचं. संपल्यावर पुढच्या रांगेतले एक मोठे डॉक्टर उठले. म्हणाले, निष्कर्ष घाईचा वाटतो. या वर्गातल्या बायांमध्ये जाणीवच कमी असते, त्यांना समुपदेशन करायला हवं. प्रेमिला शांतपणे म्हणाली, आणि हे मी तुला आपल्या बोलीत सांगतो, "सर, सकाळपासून तुमी तीनदा उठून बाहेर गेले. मी पाहून राहिली होती. माही बाई सकाळच्या पाचपासून रातच्या आठलोक एकदाबी जात नाही. जाणीव तिले तुमच्यापेक्षा जास्त आहे." हॉल हसला. मग मागे आमच्या भिंतीपासून टाळ्या सुरू झाल्या.

इथवरचं सगळं मी तुला चिडवायला लिहिलं असं समज. यापुढचं तसं नाही.

अध्यक्षस्थानी दिल्लीच्या एक बाई होत्या. त्यांनी कौतुक केलं आणि सहज विचारलं की तुमचं पदवीचं शिक्षण कुठं झालं. प्रेमिला म्हणाली, मी एएनएम आहे मॅडम, पदवी नाही. पुढच्या कोर्सला एकदा अर्ज केला होता, निवड झाली नाही. आणि हसून खाली उतरली. दादा, तुला आठवलं का? मला त्या क्षणी लख्ख आठवलं. अठ्ठ्याण्णव साल, मोहित तीन वर्षांचा, आपण सगळे उमरेडच्या घरात एकत्र. प्रेमिला खेड्यात लसीकरणाला गेली होती आणि पोस्टमननं माझ्या हातात पाकीट दिलं. मुंबईच्या नर्सिंग कॉलेजचं. निवड झाली होती, दोन वर्षांचा कोर्स, पगारी रजा. मी ते घेऊन तुझ्याकडे आलो. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, घरात तुझा शब्द चालायचा. तू वाचलंस आणि म्हणालास, दोन वर्षं मुंबईत राहिलेली बाई परत घरात बसत नाही. बाबांच्या हातमागाचा खड्डा आपण फळ्या टाकून बुजवला होता, त्यातली एक फळी उचलून मी ते पाकीट खाली टाकलं. तू पाहत उभा होतास, पण टाकलं मी. सहा आठवडे ती रोज पोस्टमनची वाट पाहायची. एकदा पोस्टातही जाऊन आली. आई, आपली पार्वतीबाई, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिनं मला विचारलं होतं की त्या पोरीचं कागद काहून येऊन नाही राहिलं. मी आईशीही खोटं बोललो.

त्या संध्याकाळी आम्ही बंदराच्या कठड्यावर बसलो होतो. समोर पाण्यात जुना तुरुंग आहे, जहाजासारखा दिसतो. होड्या परत येत होत्या. प्रेमिला खुशीत होती, आईसक्रीम खात होती, त्या मोठ्या डॉक्टरांचा चेहरा कसा झाला ते सांगून हसत होती. मी तिला सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं, पण आधी माझं घेतलं. तिनं ऐकून घेतलं. आईसक्रीमचा कप कचऱ्याच्या डब्यात नीट टाकला आणि एकटी चालत हॉटेलवर गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. त्या वेळी मागे जायचा मला हक्क नव्हता.

मग तिसरा दिवस संपला, बस झाली, अहमदाबाद झालं, ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. डबा उघडून पोळ्या पुढे करायची, तेवढंच. यमुताईंनी निघताना माझा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षी या म्हणाल्या. त्यांना आमच्यातलं काही माहीत नव्हतं. गाडीनं भुसावळ सोडलं तेव्हा प्रेमिला खिडकीबाहेर पाहत पहिल्यांदा बोलली. "तवा दादाचं आयकलं. आता दीक्षाचं काय करता ते मले पाहाचं आहे." अजूनही कामापुरतंच बोलते. मी तिची माफी मागितली आहे, ती तिनं दिलेली नाही, आणि तिनं घाई करावी असं मला वाटत नाही.

म्हणून आता दीक्षाबद्दल. तुझी धाकटी लेक रविवारपासून आमच्याकडे आहे, काकूच्या हाताला मदत म्हणून चार दिवस आली आहे असं तू समजतोस. ते खोटं मी तिला बोलायला लावलं, तिच्यावर राग काढू नकोस. चोवीस वर्षांची पोरगी, रेल्वेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, डोळ्यांची तपासणी, मेडिकल, सगळं झालं, सहायक लोको पायलट म्हणून नाव लागलं. आणि तू म्हणालास की इंजिनात रात्रीबेरात्री परक्या माणसासंगं बसणारी पोरगी कोण करून घेईल. भंडाऱ्याचं स्थळ ठरवलंस आणि तिची मूळ कागदपत्रं कपाटात ठेवून कुलूप लावलंस. ती कागदपत्रं आता तिच्या पिशवीत आहेत. कुणी काढून दिली ते मी सांगणार नाही. त्या कपाटाची किल्ली तुझ्याशिवाय घरात कुणाच्या पदराला असते ते तुला ठाऊक आहे, आणि तिला तू एक शब्द बोललास तर तीही दोन दिवसांनी माझ्या घरी असेल, खोली रिकामी आहे. आज दुपारच्या गाडीनं मी दीक्षाला घेऊन भुसावळच्या ट्रेनिंग सेंटरला निघालो आहे. उद्या सकाळी तिथं तिची हजेरी लागेल. तुला फोन केला असता तर तू स्टेशनवर येऊन उभा राहिला असतास, आणि मी तुला ओळखतो तसं मला स्वतःलाही ओळखतो. तू समोर उभा राहिलास की माझी जीभ लुळी पडते, साठाव्या वर्षीही. म्हणून पत्र. हे स्टेशनवरच्या पेटीत टाकून गाडीत बसेन. तुझ्या हाती शुक्रवारी पडेल, तोवर ती रुजू झालेली असेल. भंडाऱ्याच्या लोकांना काय सांगायचं ते तू ठरव, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. मी शनिवारी परत येतो. त्यानंतर केव्हाही ये, जेवढं बोलायचं तेवढं तोंडावर बोल. मी ऐकून घेईन. पण पोरीला परत आणायला मी जाणार नाही, आणि तुलाही जाऊ देणार नाही.

तुझाच धाकटा भाऊ,
धम्मानंद